हेडफोन लावा आणि दोन मिनिटं द्या: नवीन इंडी / इलेक्ट्रॉनिक पॉप

वनाज_रामवाडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात होतं पण टंकायचा कंटाळा. आज सुट्टी आहे, भांडी घासून झालीत, तेव्हा घ्या एक जिलबी.

झालं असं की गेल्या वर्षी भाचा महिनाभर राहायला होता आणि जाताना माझ्या फोनवर एक प्लेलिस्ट टाकून गेला, मावशी तू अजून तीच नव्वदची गाणी ऐकतेस म्हणून. मी आपलं हो हो म्हटलं आणि विसरून गेले. मग एक दिवस मेट्रोत नेहमीचं काही डाउनलोड केलेलं नव्हतं आणि नेट गंडलेलं, म्हणून ती लावली. त्या दिवसापासून मी कामातून गेलेय. वय ४४, पदरात बँकेची नोकरी, आणि मी ऑफिसात ओक्लू ओक्लू करत फिरतेय.

तर आधी ओक्लूच. ही फ्रेंच मुलगी, पियानो आणि चेलो रीतसर शिकलेली, फेब्रुवारी २०२५ मध्ये तिचा 'चोक इनफ' अल्बम आला. त्यात गंमत काय आहे माहितीये का, पार्टीतल्या ट्रान्स म्युझिकमध्ये जे चकाकणारे कीबोर्ड असतात ना, चढत चढत जाणारे, ते आहेत, पण बऱ्याच गाण्यांत खालचा धाडधाड बीटच काढून टाकलाय. तुम्ही वाट बघता, आता येईल, आता येईल, आणि तो येतच नाही. मिरवणूक पुढच्या चौकात निघून गेली आणि इथे रस्त्यावर नुसता गुलाल उरलाय असं वाटतं. वर ती गाते इतक्या हळू की शेजारी झोपलेल्या बाळाला उठवायचं नाहीये जणू. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं फोनचा आवाज कमी आहे.

दुसरी पिंकपँथरेस. इंग्लंडची, २००१ चा जन्म (म्हणजे मी कॉलेजात होते तेव्हा ही पाळण्यात). लंडनला शिकत असताना लॅपटॉपवर गॅरेजबँड नावाच्या अॅपमध्ये गाणी करायची आणि तुकडे टिकटॉकवर टाकायची. तिचा पहिला संग्रह 'टू हेल विथ इट', २०२१ चा, त्यात दहा गाणी आहेत आणि सगळी मिळून एकोणीस मिनिटंसुद्धा होत नाहीत! मेट्रोत वनाजला लावला की पुणे स्टेशनपर्यंत अख्खा संपतो, मी बघितलंय. धृपद, कडवं, धृपद, संपलं. आधी मला राग यायचा, अरे आत्ता तर बसले होते. आता बाकीची गाणी लांबण लावल्यासारखी वाटायला लागलीयेत. वर आवाज असा गोड, चिमणीसारखा, आणि शब्द बघावेत तर सगळं एकटेपण आणि रडारड.

तिसरे मॅग्डलेना बे, मिका आणि मॅथ्यू अशी जोडी आहे, मायामीत शाळकरी वयात रॉक बँडमध्ये भेटले. त्यांचा 'इमॅजिनल डिस्क' (२०२४) हेडफोनशिवाय ऐकू नका, मी तुम्हाला शपथ घालते. गाणं छान पॉपसारखं चाललेलं असतं आणि मग मध्येच जमीन सरकते, ड्रम वेगळाच होतो, कुठूनतरी सतार की काय असं काहीतरी वाजतंय असं वाटतं, आणि परत येतं तेव्हा चाल तीच पण खोली बदललेली.

आपल्याकडचे म्हणाल तर लिफाफा, म्हणजे दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी बँडचा गायक सूर्यकांत साहनी, त्याचं हे एकट्याचं दुकान. 'जागो' २०१९ चा. हिंदीत गातो, जुन्या रेडिओवरून आवाज यावा तसा गातो आणि खाली मशीन. आणि आमच्या पुण्याचा रित्विझ, त्याच्याबद्दल सांगायला नको, 'उड गये' २०१७ पासून प्रत्येक गाडीत वाजलंय.

मला यात काय सापडलं ते नीट सांगता येत नाहीये, पण प्रयत्न करते. ही सगळी गाणी कुणीतरी एकट्याने किंवा दोघांनी घरात बसून केलेली वाटतात, आणि म्हणून एकट्याने ऐकायची वाटतात. हॉलसाठी नाहीत ती. कानात कुणी येऊन सांगावं तशी आहेत.

तुम्ही काय ऐकताय? नावं टाका. शिव्याही चालतील पण ऐकून मग.

बिनतारी

मी पयला!

वाचनखूण साठवली. ओक्लू ऐकली नव्हती, आज रात्री.

बेसूर_बापू

ताई, लिहिता छान, त्याबद्दल वाद नाही. तुम्ही म्हणालात ऐकून मग शिव्या द्या म्हणून प्रामाणिकपणे तिन्हींचं एकेक गाणं ऐकलं. पिंक की कोण त्यांचं गाणं मी चहा ओतेपर्यंत संपलं होतं, त्यामुळे मत नाही. त्या फ्रेंच बाईंचं ऐकलं. चांगला आवाज आहे पण गाणं कुठंय? मुखडा, अंतरा, परत समेवर येणं, काहीतरी हवं की नको? आणि सगळ्यांचा आवाज असा मशीनमधून काढलेला का? गळ्यावर विश्वास नाही का यांचा?

मी ६८ वर्षांचा आहे, तेव्हा हलकेच घ्या.

वनाज_रामवाडी

बापू 😀 समेवर येणं हवंच की, पण ती सम लपवून ठेवलीय असं समजा. आवाज मशीनमधून काढण्याबद्दल माझंही आधी हेच मत होतं. पण माइकसुद्धा एकेकाळी लबाडीच वाटला असेल ना लोकांना? माइक आला म्हणून तर हळू गाता यायला लागलं, नाहीतर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला ओरडायलाच लागायचं.

ढोलाचा_दोर

बापू, समेचं मी सांगतो, मी बारा वर्षं पथकात ढोल वाजवतोय आणि गेली तीन वर्षं घरी एबलटन या गाणी करायच्या सॉफ्टवेअरवर खुडबुड करतोय, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं.

या गाण्यांमध्ये सम शोधायची असेल तर चालीत शोधू नका, श्वासात शोधा. म्हणजे काय, तर यांच्यात एक युक्ती असते साइडचेन नावाची. खालचा किक ड्रम जेव्हा जेव्हा पडतो तेव्हा तेव्हा बाकी सगळे आवाज, कीबोर्ड, कधीकधी गळासुद्धा, मशीन आपोआप दाबतं आणि ठोका गेला की परत वर येऊ देतं. दर सेकंदाला दोन वेळा. ते दाबणं-सोडणं इतकं झटपट असतं की तुम्हाला आवाज कमी झाला असं कळत नाही, गाणं श्वास घेतंय असं वाटतं. पथकात पण होतं की हे. साठ ढोलांचा ठोका पडतो तेव्हा ताशा क्षणभर कानाआड जातो आणि लगेच चमकून वर येतो, कुणी ठरवून करत नाही पण नाचणाऱ्याचा पाय त्याच फटीत उचलला जातो. तेच.

आता ओक्लूची चलाखी बघा (ताईंनी बरोबर पकडलीय): ती ठोका काढून टाकते पण श्वास तसाच ठेवते. म्हणजे कीबोर्ड दबतोय उठतोय, पण कशामुळे ते ऐकूच येत नाही. म्हणून बापू तुम्हाला गाणं हरवल्यासारखं वाटतंय. पायाला कळतंय, कानाला दिसत नाहीये.

आणि पिंकपँथरेसच्या खाली जे खडखड ड्रम पळतात ना, त्या जातीच्या ड्रमचं मूळ अमेरिकेत आहे. द विन्स्टन्स म्हणून बँड होता, १९६९ च्या त्यांच्या एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला मध्येच सातएक सेकंद नुसता ड्रम वाजतो, वाजवणारा जी. सी. कोलमन. ते सात सेकंद इंग्लंडच्या पोरांनी नव्वदच्या आसपास उचलले, वेग वाढवला, कापले, उलटसुलट लावले आणि 'जंगल', 'ड्रम अँड बेस' हे नाचाच्या संगीताचे प्रकार त्यातून उभे राहिले. हजारो गाण्यांत आहेत ते. कोलमनला त्याचे पैसे मिळाले नाहीत, २००६ मध्ये गेला बिचारा.

बिनतारी

मस्त समजावलंत. माहितीपूर्ण +१. काल रात्री ओक्लू ऐकली, आता मला तो नसलेला ढोलच ऐकू येतोय, झोप लागेना.

शिकागोची_थंडी

छान धागा. अवांतर होईल पण राहवत नाही.

मी पंचवीस वर्षं शिकागोच्या उपनगरात आहे आणि इथे आल्यावर मला कळलं की ज्याला जग हाउस म्युझिक म्हणतं, म्हणजे क्लबातलं सरळ चार ठोक्यांचं नाचाचं संगीत, ते नाव इथल्या 'वेअरहाउस' नावाच्या क्लबवरून पडलं. १९७७ ला सुरू झाला, फ्रँकी नकल्स तिथे रेकॉर्ड लावायचा, येणारे बहुतेक काळे आणि गे पोरं. त्या इमारतीला २०२३ मध्ये शहराने वारसा वास्तूचा दर्जा दिला. मी मुद्दाम बघायला गेले, जेफरसन स्ट्रीटवर अगदी साधी विटांची इमारत आहे, आपल्या भायखळ्यात गोडाऊन असावं तशी, नवऱ्याने गाडीतून उतरायलाही नकार दिला.

पण खरी गोष्ट पुढे आहे. रोलंड कंपनीने टीबी-३०३ म्हणून एक छोटं चंदेरी यंत्र काढलं होतं, गिटारवाल्यांना घरी सरावाला बेस मिळावा म्हणून. ते बेससारखं वाजतच नव्हतं, कुणी घेईना, १९८४ ला बंद केलं. मग जुन्या बाजारात स्वस्तात पडलेली ती यंत्रं शिकागोच्या पोरांनी घेतली, बटणं पिळत बसले आणि तो चुळचुळ करणारा आवाज निघाला, फ्युचर या त्रिकुटाचा 'अॅसिड ट्रॅक्स' १९८७ चा. अॅसिड हाउस तिथून.

आणि आता धरा खुर्ची. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग नावाच्या माणसाने तेच ३०३, त्याच कंपनीचं ८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथ (सिंथेसायझर कीबोर्ड) घेऊन अख्खी रेकॉर्ड केली होती! हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा माणूस, लग्नाबिग्नात पण वाजवायचा. नाव 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टु अ डिस्को बीट'. दहा राग, भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. एचएमव्हीने काढली, कुणी ढुंकून बघितलं नाही. मग एका डच संग्राहकाला ती भारतात जुन्या बाजारात सापडली आणि त्याने २०१० मध्ये परत काढली, तेव्हा जगभरचे डीजे खुळावले की हे अॅसिड हाउसच्या आधीचं अॅसिड हाउस कुठून आलं. ते गृहस्थ साधे, त्यांना स्वतःलाच आश्चर्य वाटत होतं. म्हातारपणी युरोपात जाऊन वाजवून आले, २०१५ ला गेले.

शिकागोने त्यांचं ऐकून काही केलं असं नाही हं, दोन्हीकडे आपापलं झालं. पण बापू, तुम्ही सम विचारत होतात ना, इथे तर थेट राग आहेत.

बेसूर_बापू

काय सांगता? शोधतो.

हलगीवाला

रामराम. कोल्हापूरकडनं.

ताई तुमी हेडफोन म्हणताय, आमी इलेक्ट्रॉनिक गाणं शिकलो त्ये डॉल्बीवर. डॉल्बी म्हणजे शिनेमातली न्हवं, आमच्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर स्पीकरची भिंत बांधत्यात तिला डॉल्बी म्हणत्यात, मुंबैवाल्यांसाठी सांगितलं. आता आवाजावर बंधनं हायत, बरंच हाय, आज्जीच्या छातीत धडधड व्हायची. पण खरं सांगू, त्या भिंतीम्होरं उभारल्यावर बेस कानानं ऐकू येत न्हाई, बरगडीनं ऐकू येतोय. त्यामुळं हे दोन मिनिटाचं हळू गाणं मला आधी पचंना.

पण क्रेटेक्स ऐकलासा का न्हाई? कृणाल घोरपडे. श्रेयस सागवेकर संगं 'तांबडी चामडी' केलं २०२४ ला, हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलेलं पैलं मराठी गाणं हाय त्ये. हाउसच हाय, सरळ चार ठोक्याचं, पण वर मराठी बोल अशे टाकल्यात की तालाला चिकटून बसल्यात. आपल्या भाषेत टकाराची ठकाराची अक्षरं लय, ती हाय-हॅटगत, म्हंजे ड्रमच्या झांजंगत वाजत्यात. हिंदीत त्ये जमत न्हाई, तिकडं सगळं लांबवायचं असतंय. मी म्हणतो मराठी ही डान्सची भाषा हाय आणि आमी ती भाषणं ठोकायला वापरली. नाद खुळा.

ढोलाचा_दोर

हलगीवाले दादा, टकाराचा मुद्दा एक नंबर. हलगीचा बोल तोंडाने म्हणून बघा, त्यातच हाय-हॅट आणि स्नेअर दोन्ही आहेत.

ठाण्याची_ठेव

क्रेटेक्सचं ठीक आहे पण त्याला इंडी का म्हणायचं? रीलवर कोट्यवधी लोकांनी नाचलेलं गाणं आणि स्पिनिनसारखी बडी कंपनी पाठीमागे, मग इंडी कसलं. तसं तर संजू राठोडचं 'गुलाबी साडी' पण इंडीच म्हणा.

हलगीवाला

म्हणतोच की. शिनेमातलं गाणं न्हाई म्हणजे आमच्या लेखी इंडी. जळगावकडचा पोरगा, कुठल्या हिरोच्या तोंडी न्हाई, स्वतःच म्हणतोय स्वतःच नाचतोय.

वनाज_रामवाडी

इथे मी दादांच्या बाजूने. बाहेर इंडी म्हणजे मोठ्या कंपनीशिवाय, आपल्याकडे इंडी म्हणजे सिनेमाशिवाय. आपल्याकडे ती भिंत जास्त उंच होती/आहे. (गुलाबी साडी मला मात्र आता ऐकवत नाही, आमच्या सोसायटीच्या स्नेहसंमेलनात सात वेळा झालं, त्यात एकदा मी पण होते स्टेजवर.)

ठाण्याची_ठेव

ठीक, सहमत नाही पण सोडून देते 🙂

मी जुनी आहे या बाबतीत. ऱ्हिदम हाउसमधून तलविन सिंगची 'ओके' ची सीडी घेतली होती, काळा घोड्याला, तेव्हा ती पगाराच्या मानाने महाग होती आणि आईने विचारलं होतं तबलाच ऐकायचाय तर घरात कॅसेटी कमी आहेत का. १९९९ चं मर्क्युरी पारितोषिक मिळालं त्याला इंग्लंडमध्ये. तेव्हा आम्हाला वाटलेलं की आता दहा वर्षांत आपल्याकडे सगळे असंच करणार. नाही झालं. दुकानही २०१६ ला बंद झालं.

पण आत्ता जी पोरं करतायत त्यात मला फरक दिसतो तो असा की तेव्हा तबला-सतार मुद्दाम दाखवायला लागायची, बघा आम्ही भारतीय. आताच्यांना ती गरज वाटत नाही. सँड्यून्स ऐका, सनाया अर्देशीर, मुंबईची. किंवा कोमोरेबी, म्हणजे दिल्लीची तराना मारवाह. तिचं नावच जपानी, पानांतून झिरपणाऱ्या उन्हाला जपानीत कोमोरेबी म्हणतात. तिच्या गाण्यात एका वेळी चार तराना गात असतात, एक कुजबुजते, एक मागे लांबून हाक मारते. भारतीय काय आहे त्यात? काही नाही. किंवा सगळंच. आणि रित्विझला शास्त्रीय येतं पण तो ते मिरवत नाही, एक हरकत घेतो, कापतो, तिचाच कीबोर्ड करून वाजवतो. २०२२ चा त्याचा 'मिम्मी' अल्बम तर आईबरोबर केलाय, तो ऐकाच.

गोधडी_स्टुडिओ

नाशिकहून. धागाकर्तीने 'घरात बसून एकट्याने' लिहिलंय म्हणून लिहितोय, कारण मी तेच करतो, नोकरी सांभाळून, रात्री अकरानंतर.

रोमँटिक वाटतं ना, तर चित्र सांगतो. बेडरूम दहा बाय दहा. भिंतीवरून आवाज आपटून येतो म्हणून कपाटाच्या दारांवर आजीच्या दोन गोधड्या टांगल्यात, गाणारी मैत्रीण कपाटात तोंड घालून उभी राहते, पंखा बंद, कारण माइक पंखा पकडतो. एप्रिलमध्ये करून बघा. तीन टेक झाले की दार उघडून दोघं बाहेर येतो आणि पाणी पितो. एकदा अप्रतिम टेक चाललेला आणि शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. आधी शिव्या घातल्या, मग ऐकलं तर शिट्टी जवळजवळ गाण्याच्या पंचमावर. ती कापली, दोन सप्तकं खाली ओढली, मागे भरपूर रिव्हर्ब (घुमारा) दिला, आता ती गाण्याच्या सुरुवातीला आहे आणि लोक विचारतात कुठला सिंथ वापरलास. काकूंना सांगितलेलं नाही अजून.

ताई म्हणतात हळू गातात, त्याचं अर्धं कारण हे आहे. घरात बाबा झोपलेले असतात. मोठ्याने गाणार कुठे? आणि हळू गायलेलं माइकच्या अगदी जवळून घेतलं की ओठ उघडल्याचा आवाजसुद्धा येतो, तोच मग कानात सांगितल्यासारखा वाटतो. बिली आयलिश आणि तिच्या भावाने २०१९ चा अख्खा अल्बम घरच्या बेडरूममध्ये केला आणि ग्रॅमी नेलं, तेव्हापासून ते हळू गाणं ही फॅशन पण झाली, ते वेगळं.

आता पैशाचं. स्पॉटिफायवर २०२४ पासून नियम असा की गाणं बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याचं काहीच मिळत नाही. माझं कुकरवालं गाणं वर्षात ६४० वेळा. ३६० कमी पडले. एका वितरकाकडून गाणी टाकतो, त्याने मागच्या वर्षी माझं गाणं दुसऱ्याच कुणा गायकाच्या पानावर चढवलं, दोन महिने मेल करतोय, उत्तर येतं 'आपली तक्रार नोंदवली आहे'. दुसरा गायक भजनं म्हणतो, त्याच्या ऐकणाऱ्यांना मध्येच माझी शिट्टी ऐकू येत असणार.

म्हणून सांगतो, कुणी आवडलं तर शक्य असेल तिथे बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवरून विकत घ्या. डिजिटलवर ते पंधरा टक्के ठेवतात, बाकी बहुतेक कलाकाराला जातं, आणि २०२० पासून अधूनमधून बँडकॅम्प फ्रायडे असतो तेव्हा तेही घेत नाहीत. एकाने अल्बम घेतला की मला वाटतं आज कुणीतरी चहा पाजला.

शिकागोची_थंडी

भजनाच्या मध्ये शिट्टी 😂😂 काकूंना सांगा हो, त्यांना रॉयल्टीत पुरणपोळी तरी द्या.

बिनतारी

गोधडीभाऊ लिंक टाका की गाण्याची, आपण इथले सगळे मिळून ३६० करू.

गोधडी_स्टुडिओ

धाग्यावर स्वतःची जाहिरात नको, व्यक्तिगत निरोप करतो.

अमरावतीचा_अमर

काऊन बे, सगळे पुण्या-मुंबईचेच बोलून राह्यले? आमच्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, १०० आरबीएच, वऱ्हाडीत रॅप करते, त्याले इसरले का? इलेक्ट्रॉनिक पॉप नाही म्हणान तं नका म्हणू, पण त्याच्या खालचे बीट आयका. मुंबईच्या स्वदेशी या रॅपवाल्या गँगमधला हाय थो. त्यायचं 'द वारली रिव्होल्ट' आरेच्या जंगलाबद्दल हाय, प्रकाश भोईरसोबत केलं, त्यात वारल्यायचा आवाज अन् मशीनचा आवाज एका जागी बसते. हे हळू हळू कानात सांगनं आपल्याले नाही जमत. सांगाचं असन तं जोरात सांगा.

वनाज_रामवाडी

अमरभाऊ ऐकलं आत्ता. अंगावर काटा. धाग्याच्या नावात बसत नाही म्हणून काही बिघडत नाही, असूद्या.

जाता जाता, 'इमॅजिनल डिस्क' या नावाबद्दल भाच्याने सांगितलं ते लिहायचं राहिलं. अळीच्या अंगात पेशींचे छोटे छोटे पुंजके असतात, पुढे कोशात गेल्यावर त्यांचेच पंख, पाय, डोळे होतात, त्यांना म्हणतात इमॅजिनल डिस्क. अल्बममध्ये एका मुलीच्या कपाळात सीडीसारखी तबकडी घालतात, सुधारित माणूस करायला, आणि तिचं शरीर ती बाहेर फेकतं, मग ती परत माणूस व्हायला शिकते, अशी गोष्ट आहे. मुखपृष्ठावर चित्र पण तेच. हे कळल्यावर परत ऐकला तर ती मध्येच सरकणारी जमीन म्हणजे कोश फाटतोय असं वाटायला लागलं. माझं आपलं काहीतरी.

बेसूर_बापू

चरणजित सिंगांची रेकॉर्ड मिळाली. मुलाने मोठ्या स्पीकरवर लावून दिली. दोनदा ऐकली. काही मुद्दे.

पहिला, याला रागसंगीत म्हणू नये. वादी संवादी पाळलेत असं दिसत नाही आणि ललित अगदीच घाईत उरकलाय, ललितला दोन्ही मध्यम शेजारी शेजारी तोलून घ्यावे लागतात, इथे मागचं यंत्र त्यांना थांबूच देत नाही. रागाचा आराखडा आहे, राग नाही.

दुसरा, तरीही. त्या खालच्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय दिसते. ती मींड नव्हे, मींडेला मनुष्य लागतो. पण मींडेची चुलत बहीण म्हणता येईल. मधुवंतीत ते यंत्र कोमल गंधारावरून वर तीव्र मध्यमाला ज्या प्रकारे जातं ते मी चार वेळा मागे नेऊन ऐकलं. सौ. म्हणाल्या आता पुरे.

तिसरा, भूपाळीत गंमत अशी आहे की पाचच स्वर असल्याने यंत्राला चुकायला जागाच नाही, त्यामुळे तेच ते फिरत राहिलं तरी कंटाळा येत नाही. ढोलवाल्या गृहस्थांनी श्वासाचं जे सांगितलं ते यात मला सापडलं नाही. १९८२ मध्ये ती युक्ती नव्हती काय?

ढोलाचा_दोर

बापू, दंडवत 🙏

युक्तीसाठी लागणारं यंत्र होतं, रेडिओवाले वापरायचे, निवेदक बोलायला लागला की गाणं आपोआप मागे. पण नाचाच्या गाण्यात मुद्दाम ऐकू येईल इतकं जोरात वापरणं खूप नंतर, नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे फ्रान्समधल्या लोकांनी गाजवलं. आणि घसरण्याचं तुम्ही बरोबर पकडलंत, त्या यंत्रावर प्रत्येक स्वराला 'स्लाइड' असं वेगळं ठरवता येतं, कुठल्या स्वरावर घसरायचं आणि कुठल्यावर नाही. शिकागोच्या पोरांनी ते गंमत म्हणून वापरलं. आपल्या माणसाने वापरलं तेव्हा त्याच्या कानात काय असेल हे तुम्हीच सांगा.

बेसूर_बापू

म्हणजे मनुष्य आहे तर त्यात. बरं.

त्या फ्रेंच बाईंचं परत ऐकलं, हेडफोनवर, मुलाचे घेऊन. अजूनही गाणं कुठंय हा प्रश्न आहेच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना काहीतरी गुणगुणत होतो, आणि ते त्यांचंच होतं हे सौं.नी ओळखलं, मी नाही. अल्बममधलं पुढचं कुठलं ऐकू?

वनाज_रामवाडी

'फॅमिली अँड फ्रेंड्स', आणि मग सगळ्यात शेवटचं, 'ब्लेड बर्ड'. त्यात गिटार आहे बापू, खरीखुरी, घाबरू नका.

हलगीवाला

बापूंसनी एकदा डॉल्बीवर मधुवंती ऐकवली पायजे. परवानगीचं मी बघतो.